क्लासिक ३५०: पुढचं मडगार्ड घरीच कापून आखूड करायचंय, कड कशी बांधायची?

दापोली_३५०

नमस्कार मंडळी. माझी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, २०१३ ची, काळी. रोज दापोली-खेड ये-जा, भर पावसातसुद्धा. पुढच्या मडगार्डाचं मागचं, खालचं टोक गंजून गेलंय. तिथली आत वळवलेली कड आहे ना, तिच्यात तांबडी माती बसते आणि ओलीच राहते. आता स्क्रू ड्रायव्हर दाबला तर पत्र्यातून आरपार जातो. वरून रंग अजून चकचकीत, आतून मात्र पापुद्रे सुटतायत.

मेकॅनिक म्हणतो नवीन टाक. पण गाडी पुढून जरा आखूड, मोकळी दिसावी असं बरेच दिवस मनात आहे. मग वाटलं, गंजलेलं टोक तसंही जाणारच, तर चारेक इंच कापून टाकू, पुढचं टोकही थोडं घेऊ आणि जमलं तर मागचं मडगार्डही आखूड करू. घरी चार इंची ग्राइंडर आहे, हॅक्सॉ, कानशी, ड्रिल आहे. वेल्डिंग मशीन नाही, पण शेजारच्या वाडीत खिडक्यांच्या ग्रिल बनवणारा आहे, त्याच्याकडे मशीन आहे.

विचारायचं असं की कापायचं कुठून, कशाने, आणि कापल्यावर जी उघडी धार राहते तिचं काय करायचं? मागे आई बसते, साडी नेसून, एका बाजूला पाय सोडून. तेव्हा मागच्या मडगार्डाला हात लावू का नको हेही सांगा. पोलिसांचा काही त्रास?

पेठेतला

मूळ मडगार्ड कापू नकोस एवढंच सांगतो. गंजलेलं असलं तरी ठेव, पुढे कधी गाडी मूळ रूपात आणायची झाली तर मापाला तरी उपयोगी पडेल. पुण्यात आलास तर नाना पेठेत क्लासिकची मडगार्डं मिळतात, कंपनीचीही आणि बाहेरचीही. बाहेरचं घेणार असशील तर दोन्ही टोकांना चिमटीत धरून पत्रा दाबून बघ. जे सहज दबतं ते घेऊ नकोस, कापल्यावर आणखी लुळं पडेल. प्रयोग करायचाच तर त्याच्यावर कर.

पत्रेवाला_उद्यमनगर

भावा, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं पत्र्याचं काम आहे. आयटीआयला शीट मेटल केलं, तेव्हापासून हाच धंदा. असली कापलेली मडगार्डं माझ्याकडे दुरुस्तीला येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, कुठून कापायचं ते गंजाला विचार. मडगार्ड काढ, आतून तारेच्या ब्रशने घास, मग छोट्या हातोडीने खालून वर ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बदबद वाजतो. आवाज जिथे बदलतो तिथे खूण कर आणि त्याच्या वर एक इंच चांगला पत्रा सोडून रेघ मार. चार इंच तू डोळ्यांनी ठरवलेत, कदाचित दोनातच भागेल. स्टेच्या, म्हणजे मडगार्ड धरून ठेवणाऱ्या दांडीच्या, भोकापासून मात्र कापाची रेघ किमान दीड इंच लांब राहिली पाहिजे. भोकाच्या जवळ कड आणलीस की हादऱ्याने तडा नेमका तिथूनच जातो. माझ्याकडे येणारी निम्मी कामं हीच.

आता मागचं टोक फार का कापू नये ते सांगतो, कारण तू कोकणात चालवतोस. चाक फिरताना चिखल कसा उडतो ते डोळ्यांपुढे आण. टायर जमिनीवरून सुटतो तो मागच्या बाजूने वर चढतो. जमिनीलगत सुटलेला चिखल जवळपास आडवाच मागे जातो, म्हणजे सरळ इंजिनवर, सायलेन्सरच्या बेंडवर, तुझ्या बुटांवर. थोडं वर सुटलेला वर जातो आणि माथ्यावरून सुटलेला पुढे फेकला जातो. म्हणजे मडगार्डाचं खालचं टोक जितकं वर घेशील तितका जास्त चिखल इंजिनच्या पंख्यांत, म्हणजे बाहेरच्या पातळ पात्यांत, जाऊन बसणार. एअर-कूल्ड इंजिन आहे, पंख्यांमध्ये माती सुकली की उष्णता बाहेर पडायची वाटच बंद होते. रोज नळी मारून धुणार असशील तर गोष्ट वेगळी.

पुढचं टोक त्या मानाने स्वस्तात कापता येतं. तिथून सुटलेलं पाणी पुढे उडतं आणि वेगात असलास तर त्याच पाण्यात तू जाऊन शिरतोस, काच भरते. पण दापोलीच्या वळणांवर तो वेगच येत नाही. पुढून दोन-अडीच इंच घेतलंस तरी गाडी वेगळी दिसेल. आधी जेवढं कापायचं तेवढ्या भागावर पांढरी टेप चिकटव, गाडी उभी कर, दहा पावलं मागे जाऊन बघ. चार दिवस तशीच चालव. नजर बसली तर काप.

रेघ कशी मारायची, इथे लोक घाई करतात. मडगार्ड दोन दिशांना वळलेलं असतं, लांबीत गोल आणि रुंदीतही गोल, त्यामुळे काटकोन्या लागतच नाही. कॅलेंडरच्या जाड कागदाची दोन इंच रुंद पट्टी काप आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी गुंडाळ. दोन्ही कोपरे स्टेच्या भोकांपासून दोऱ्याने मोज. कडेपासून मोजू नकोस, कडा कंपनीतूनच एकसारख्या येतील असं नाही, भोकं मात्र जिगवर, म्हणजे ठरलेल्या साच्यावर, पाडलेली असतात. दोन्हीकडचं माप जुळलं की पट्टीच्या कडेने मास्किंग टेप लाव, त्यावर पेन्सिलीने रेघ. कोपरे टोकदार ठेवू नकोस. दहा रुपयांचं नाणं कोपऱ्यावर ठेवून गोलाई आख, २७ मिलिमीटरचं असतं, बरोबर शोभतं. कोपरा गोल असला की तडा धरायला जागा राहत नाही आणि गाडी पुसताना हातही कापत नाही.

कापायला ग्राइंडरच घे, एक मिलिमीटरची कटिंग डिस्क. पत्रा कात्रीने हा पत्रा कापू नकोस, कात्री वळलेला पत्रा ओढून वेडावाकडा करते. हॅक्सॉ चालतो, इंचाला ३२ दात असलेलं ब्लेड लाव, पण खोल भागात करवतीची चौकट आडवी येते. डिस्क लावण्यापूर्वी दोन गोष्टी वाच. डिस्कवर लिहिलेले आरपीएम ग्राइंडरच्या आरपीएमपेक्षा जास्त हवेत, आणि मधल्या धातूच्या रिंगवर मुदत छापलेली असते ती संपलेली नसावी. डिस्कचं बंधन रेझिनचं असतं. आमच्याकडे कोल्हापुरात एवढं, तुमच्याकडे तर समुद्राची दमट हवा, वर्षानुवर्षं खोक्यात पडलेली डिस्क फुटते. ग्राइंडरचं गार्ड काढून काम करायचं नाही. चष्मा, जाड सुती कपडे, गळ्यात पंचा-मफलर काही नाही.

रेघेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर सोडून काप. एका दमात आरपार जाऊ नकोस. आधी पूर्ण रेघेवर एक उथळ चर पाड, मग त्याच चरातून हळूहळू खाली जा, म्हणजे डिस्क भरकटत नाही आणि पत्रा निळा पडेपर्यंत तापत नाही. चरात डिस्क तिरकी करू नकोस, तिथेच ती तुटते. राहिलेलं दोन मिलिमीटर ८० नंबरच्या फ्लॅप डिस्कने आणि शेवटी अर्धगोल कानशीने आणायचं. कानस एकाच दिशेने, आतून बाहेर.

आता तुझा खरा प्रश्न, कड. कंपनी मडगार्डाची कड वळवते ती दिसायला नाही. कागद सपाट धरला की लवतो, त्याला एक दुमड घातली की ताठ उभा राहतो, तसंच हे आहे. वळवलेली कड कापलीस की तो एक मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा मोकळा झाला. गाडी ठराविक वेगाला आली की टोक थरथरायला लागतं, आवाज येतो, आणि काही महिन्यांत बोल्टापाशी तडा. म्हणून कापणं हे काम अर्धंच, कड बांधणं हे दुसरं अर्ध.

कड बांधायला पाच मिलिमीटरची गोल सळई घे, साधी एमएस, म्हणजे मऊ पोलादाची. मडगार्डाच्या आतल्या बाजूने बसेल अशी हाताने, पाईपवर वाकवत वाकवत आकाराला आण. सळई कुठेही दाबून बसवायची नाही, ठेवली की आपोआप टेकली पाहिजे. नाहीतर ती पत्र्याला स्वतःच्या आकारात ओढते. मग टाके, म्हणजे जोडाचे छोटे ठिपके, मारायचे: आधी मध्ये एक, मग डावं टोक, मग उजवं, मग मधल्या जागा आलटून पालटून, आणि प्रत्येक टाक्यानंतर हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं. सलग वेल्डिंग ओढलंस तर पत्रा कुरकुरीत पापडासारखा वर येईल.

आणि तो ग्रिलवाला. माणूस कितीही चांगला असला तरी त्याच्या साध्या मशीनने आणि जाड रॉडने या पत्र्याला हात लावू देऊ नकोस, भोकं पडतील. हे काम गॅसवर पितळी डाग देऊन करायचं, नाहीतर सीओटू किंवा टिग मशीनवर. खेडला किंवा चिपळूणला गाड्यांचं डेंटिंग करणाऱ्याकडे गॅस असतोच. तू घरी कापून, सळई वाकवून, जागेवर पकडीने धरून ने. त्याचं काम मग अर्ध्या तासाचं. त्याच्याकडे नेण्याआधी सळई बसते तिथला रंग आणि गंज दोन्ही बाजूंनी खरवडून पत्रा पांढरा कर, घाणीवर डाग धरत नाही.

रबरी बीडिंग लावून धार झाकायचा सल्ला तुला कोणीतरी देईल. कोकणात नको. त्या रबराच्या खाचेत पाणी साठतं, आणि तुझं मडगार्ड ज्या कारणाने कुजलं तेच परत सुरू होतं.

मागच्या मडगार्डाबद्दल एका वाक्यात: आई मागे बसते ना, मग नको.

ठाणे_बार

वकिली करतो, गाडीही चालवतो, म्हणून कायद्याचं तेवढं.

मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये मालकासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मडगार्डाची लांबी आरसीच्या रकान्यात नसते. रंग असतो. तेव्हा काळ्याचं काळंच ठेवा.

मागच्या बाजूला प्रकरण नाजूक होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ सांगतो की मागे माणूस बसू शकतो अशा मोटारसायकलला धरायला हँडग्रिप, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक किमान अर्धं झाकणारं संरक्षण हवं, बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते. मागचं मडगार्ड आखूड करणारे बहुतेक जण साडी गार्डही काढतात, कारण ते मग लोंबकळतं. तुमच्या आई एका बाजूला बसतात, त्यांच्या पदराचा विचार आधी, दंडाचा नंतर.

दुसरं, नंबर प्लेट. तुमची गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणजे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) नंतर बसवलेली असणार. मागची पाटी २०० बाय १०० मिलिमीटरची, आणि ती ज्या स्नॅप लॉकने बसते ते एकदाच लागतं. पाटी काढायची तर लॉक तोडावं लागतं आणि घरी पुन्हा बसवता येत नाही. मडगार्ड कापायच्या नादात हे लचांड मागे लावून घेऊ नका.

दापोली_३५०

काका, तुमचं वाचून संध्याकाळीच मडगार्ड आतून घासलं आणि ठोकून बघितलं. आवाज अगदी स्पष्ट बदलतो! टोकापासून दीड इंचावर चांगला पत्रा लागला. म्हणजे एक इंच धरून अडीच इंच जाईल, आणि तिथून स्टेचं भोक अजून दोन इंचांहून जास्त लांब आहे. चार इंच कापलं असतं तर भोकापाशीच आलो असतो.

मागचं रद्द. वकीलसाहेब, आईला तुमचा निरोप वाचून दाखवला, तिने मान डोलावली.

आता दोन शंका. मडगार्ड गाडीवर ठेवूनच कापलं तर? घासतानाही खाली वाकून तसंच केलं. पुढच्या चाकाचा एक्सल जाम आहे, हलतच नाही. आणि दुसरं, गॅसवाला मिळेपर्यंत आठ-दहा दिवस मडगार्डाशिवाय चालवू का?

पत्रेवाला_उद्यमनगर

दोन्हीला नाही.

गाडीवर ठेवून ग्राइंडर चालवलास तर ठिणग्या टाकीवर, काचेवर, क्रोमवर जातात. त्या नुसत्या ठिणग्या नसतात, तापलेले लोखंडाचे कण असतात. क्रोमवर आणि हेडलाइटच्या काचेवर चिकटून बसतात, पहिल्या पावसात प्रत्येक कणाभोवती गंजाचा ठिपका उठतो, कितीही पॉलिश कर, जात नाही. शिवाय वर पेट्रोलची टाकी आहे, हे वेगळं सांगायला नको. एक्सलला गंज उतरवणारं तेल मारून रात्रभर ठेव, नट काढ, एक्सलच्या तोंडावर लाकडाचा ठोकळा धरून हातोडी मार, सरळ एक्सलवर मारलीस तर आटे चेपतील. इंजिनखाली भक्कम आधार दे, नाहीतर चाक निघताना गाडी पुढे बसते. निघाल्यावर एक्सल साफ करून ग्रीस लावूनच परत घाल.

मडगार्डाशिवाय चालवायचंच नाही. चिखलाचं सोड, मडगार्ड आणि त्याचा ब्रॅकेट दोन्ही फोर्कना, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांना, एकमेकांशी बांधून ठेवतो. ते काढलं की खड्ड्यात एक फोर्क जरा आधी, दुसरा जरा नंतर हलतो, हँडल सैल लागतं. घाटातल्या वळणावर हे नको. आधी गॅसवाल्याची वेळ ठरव, मग आदल्या दिवशी काप.

रंगाचंही सांगून टाकतो. हे सगळं दिवाळीनंतर कर. पावसाळ्यात मारलेला रंग दमट हवेने पांढरट पडतो, आणि समुद्राजवळ उघडा पत्रा सकाळी घासला तर संध्याकाळपर्यंत तांबूस होतो. तोवर गंजलेल्या टोकावर आतून जाड ग्रीस थापून ठेव, पावसाळा निघून जाईल. रंगाच्या दिवशी मात्र पत्रा घासून गंज उतरवणारं फॉस्फोरिक ॲसिडचं रसायन लाव, धू, उन्हात कडकडीत वाळव आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मार. साधा रेड ऑक्साइड ग्रिलला ठीक, चाकाखालून खडी मारा खाणाऱ्या पत्र्याला इपॉक्सीच हवा. सळई आणि पत्रा यांच्यामध्ये टाक्यांच्या अधेमधे जी फट राहते तिच्यात सीम सीलर भर, पाणी तिथेच शिरतं. आतून वर अंडरबॉडी कोटिंगचे दोन हात. बाहेरून लांबी (पुट्टी) लागली तर पातळ भर, ४०० च्या वॉटर पेपरने घास, मग काळा रंग आणि लॅकर. बाहेरची बाजू लोक बघतात, मडगार्ड मात्र आतून कुजतं, तेव्हा हात आतल्या बाजूला जास्त फिरू दे.

रत्नागिरी_राइडर

मी रत्नागिरीत बारा महिने बुलेट चालवते. मडगार्ड आखूड केलंत तर खाली रबरी फ्लॅप लावाच. ट्रकच्या टायरमध्ये ट्यूब आणि रिमच्या मध्ये जो रबराचा फ्लॅप असतो, तो पंक्चरवाल्याकडे जुना मिळतो. त्यातून पसरट तुकडा कापायचा, मडगार्डाच्या रुंदीला, खाली थोडा पसरत गेलेला. जमिनीपासून चार-पाच इंच वर राहू दे, नाहीतर आमच्याकडच्या गतिरोधकांवर घासून दुमडतो आणि टायरला लागतो. पावसाळा संपला की दोन बोल्ट काढून ठेवून द्यायचा, गाडी परत आखूड. इंजिनवर येणारा चिखल यानेच थांबतो, मी फ्लॅप लावून आणि काढून दोन्ही प्रकारे चालवलंय, बुटांवरच फरक दिसतो.

काका, फ्लॅपचे बोल्ट नुसत्या पत्र्यातून घेतले तर पत्रा फाटेल ना?

पत्रेवाला_उद्यमनगर

फाटेल, बरोबर बोललीस ताई. फ्लॅप वाऱ्याने सारखा हलतो आणि सगळा ताण भोकाच्या काठावर येतो. वीस मिलिमीटर रुंद, तीन जाडीची पट्टी घ्यायची, मडगार्डाच्या आतल्या गोलाईला वाकवायची, रबर मडगार्ड आणि पट्टीच्या मध्ये धरायचं आणि सहा एमएमचे दोन बोल्ट आरपार. स्टेनलेसचे घेतलेत तर पुढच्या वर्षी सहज सुटतील. बाहेर मोठा वायसर, नट आत नायलॉनची रिंग असलेला.

दापोली, भोकं सळईच्या वर, कडेपासून एक इंचावर घे आणि प्रायमरच्या आधी पाड. रंगानंतर पाडलेल्या भोकाच्या काठाला उघडा पत्रा राहतो. पाडल्यावर मोठ्या ड्रिलचं टोक हाताने दोन्ही बाजूंनी फिरव, काठावरची बर, म्हणजे वर आलेली धार, निघून जाईल, मग रंग त्या काठावर नीट धरेल.